बर्फाची कोंडी

१८४८ सालच्या मार्च महिन्यातील २९ तारखेच्या रात्री नायगाऱ्याकाठच्या लोकांची झोप मोडली, ती कसल्या आवाजाने नव्हे, तर आवाज थांबल्यामुळे. ज्या गर्जनेत त्यांचा जन्म गेला होता ती गर्जनाच नाहीशी झाली होती. उजाडल्यावर लोक काठावर जमले. पाहतात तो जगप्रसिद्ध धबधब्याच्या जागी ओले काळे खडक आणि अधूनमधून एखादी बारीक धार! पाणचक्क्या थांबल्या. धीट मंडळी नदीच्या पात्रात उतरली आणि १८१२ च्या लढाईतील गंजलेल्या संगिनी वेचून घेऊन आली. भाविकांना वाटले, जगबुडी जवळ आली. देवळांतून खास प्रार्थना झाल्या. जवळजवळ दीड दिवस हा प्रकार चालला. मग वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, पाण्याची भिंत आली आणि नायगारा पुन्हा पहिल्यासारखा कोसळू लागला.

ह्या चमत्काराचे कारण धबधब्यापासून सुमारे वीस मैलांवर, बफेलो शहरापाशी होते. तेथे ईरी नावाचे अफाट सरोवर संपते आणि नायगारा नदी सुरू होते. हिवाळाभर गोठलेल्या सरोवराचा बर्फ वसंताच्या उबेने फुटला होता. वाऱ्याने ते सारे तुकडे ढकलत सरोवराच्या तोंडाशी आणले, तेथे ते एकमेकांत रुतले आणि नदीच्या मुखाला बूच बसले.

ह्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, नदी गोठली नव्हती. उलट थंडी ओसरत चालली होती. बर्फ फुटला होता, सुटा झाला होता, आणि सुटा झाला म्हणूनच तो चालू लागला आणि चालू लागला म्हणूनच अडला. बर्फाची कोंडी ही थंडीची करणी नसून गर्दीची करणी आहे, एवढी साधी गोष्ट पुरती उमगायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली, कित्येक जहाजे गमवावी लागली आणि कित्येक जीव वेचावे लागले. त्या शोधाचीच कथा येथे सांगावयाची आहे.

२

आपल्याला बर्फाची ओळख तशी उशिराच झाली. १८३४ साली अमेरिकेतल्या तळ्यांतून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात लपेटून, समुद्रमार्गे अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून मुंबईच्या बंदरात उतरला, आणि सर जमशेटजी जीजीभाईंच्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांनी आइस्क्रीम चाखले. पाठोपाठ यजमानांना आणि पाहुण्यांना पडसे झाले, अशीही बातमी त्या काळी गाजली! आमच्या विदर्भात तर बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोळेवाला आणि लग्नसराईतली सरबताची टाकी. नागझिऱ्याच्या रानाला लागून असलेल्या आमच्या चोरखमाऱ्याच्या तळ्यावर पौषात पहाटे धुके दाटते, काठाच्या गवतावर दव साचते. पण दुधावर साय धरावी इतकाही बर्फ त्या पाण्यावर कधी कोणी पाहिलेला नाही.

तरीसुद्धा बर्फाची कोंडी कशी होते हे आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला कोणी वेगळे समजावून सांगायला नको. हा जिल्हा धानाचा, आणि गावोगावी धानाच्या गिरण्या. गिरणीच्या हॉपरमध्ये वरून धान ओततात, खालच्या तोंडातून ते सरसर उतरते. दाणे कोरडे असले की काम पाण्यासारखे चालते. पण धान जरा दमट असले, किंवा त्यात पेंढ्याची काडी आली, की धार एकाएकी तुटते. वर ढीग तसाच, खाली तोंड मोकळे, आणि मधे दाण्यांनी एकमेकांच्या खांद्यावर खांदा टेकून बांधलेली अदृश्य कमान. गिरणीवाला पत्र्यावर काठीचे दोन टोले हाणतो, कमान कोसळते आणि धार पुन्हा सुरू होते. आणखी धान वरून ओतल्याने कमान तुटत नाही. उलट अधिकच आवळते.

बर्फाच्या तुकड्यांचे नेमके हेच होते. सरोवराचे तोंड, नदीचे वळण, पुलाचे खांब, दोन बेटांमधली चिंचोळी सामुद्रधुनी, ही सारी त्या हॉपरची तोंडे. मागून वारा आणि पाणी ढकलीत असते, पुढे जागा अपुरी असते, आणि तुकड्यांची कमान दोन्ही काठांवर पाय रोवून उभी राहते.

ही नुसती उपमा नव्हे. १८९५ साली यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनियराने धान्याच्या कोठारांवर प्रयोग केले. उंच कोठारात धान्य भरत गेले तर तळावरचा भार काही काळ वाढतो आणि पुढे वाढेनासा होतो, असे त्याला दिसले. कारण धान्याचा बराचसा भार भिंती घासून उचलून धरतात. ह्या शोधानंतर पासष्ट-सत्तर वर्षांनी नदीतल्या बर्फाचा हिशेब मांडणाऱ्यांनी त्याच धर्तीचे गणित हाती घेतले. कोठार आडवे केले की नदी होते. भिंतींच्या जागी दोन काठ येतात, धान्याच्या जागी बर्फ येतो आणि वजनाच्या जागी पाण्याचा रेटा.

३

हा हिशेब ज्या गावाने करविला ते गाव म्हणजे कॅनडातील माँट्रियल. सेंट लॉरेन्स ह्या प्रचंड नदीतील बेटावर ते वसले आहे. १८८६ च्या एप्रिलात नदीतल्या बर्फाची कोंडी होऊन माँट्रियलच्या रस्त्यांतून होड्या फिरवाव्या लागल्या. पुढे १९६७ सालचे जागतिक प्रदर्शन तेथे भरवायचे ठरले आणि त्यासाठी नदीतच बेटांची भर घालण्याचे काम निघाले. पात्र अरुंद केले तर बर्फ कोठे जाईल? हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिला नाही.

पारिझे आणि हॉसर ह्या दोन इंजिनियरांनी १९६१ मध्ये, आणि पुढे गान्यों ह्या सहकाऱ्यासह १९६६ मध्ये, ह्या प्रश्नाचे उत्तर मांडले. ते थोडक्यात असे: वाहत आलेला बर्फाचा तुकडा आधी अडलेल्या तुकड्यांना येऊन भिडतो. पाणी संथ असेल तर तो मागे रांगेत उभा राहतो आणि नदीवर एका थराची फरशी बसत जाते. पाणी वेगवान असेल तर तुकड्याचे नाक खाली दबते, तो उलटतो आणि फरशीखाली जाऊन बसतो. अशी जाडी वाढू लागते. खालून पाणी ह्या थराला ओढते, नदीचा उतार त्याला पुढे सरकवतो, आणि दोन्ही काठ त्याला घासून धरून ठेवतात. रेटा काठांच्या पकडीहून जास्त झाला की थर चुरगळतो, तुकडे एकमेकांवर चढतात आणि थर अधिक जाड होतो. जाड थर अधिक बळकट असतो. म्हणून रेटा पेलण्याइतकी जाडी येईपर्यंत तो चुरगळत राहतो आणि मग थांबतो. नदी जितकी रुंद तितका काठांचा आधार दूर, आणि म्हणून थर तितका जाड व्हावा लागतो. इतक्या जाड थराखालून वाट काढताना पाणी मागे तुंबते, आणि गावात पूर शिरतो.

कागदावरचे गणित खरे की खोटे हे पाहण्यासाठी मग नदीच्या लहान प्रतिकृती करण्यात आल्या. ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जल व विद्युत संशोधन संस्था आहे; मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली लहान प्रमाणात तिचा आरंभ केला. तेथे नद्यांची पात्रे आणि बंदरे छोट्या मापात बांधून त्यांत खरे पाणी खेळवून पाहतात. बर्फाच्या देशांत ह्याच पद्धतीने मेणाचे वा प्लास्टिकचे तुकडे सोडून कोंडी घडवून आणली जाते. पण खराच बर्फ वापरायचा तर एक गंमतीची अडचण येते. नदी शंभरपट लहान केली, पण बर्फाची ताकद तेवढीच राहिली, तर तो त्या बाहुलीच्या नदीत लोखंडासारखा वागेल. म्हणजे बर्फही अशक्त केला पाहिजे. ह्यासाठी आधी पाण्यात मीठ घालीत, आणि १९८० च्या सुमारास शोध लागला की ह्या कामाला युरिया उत्तम! आमचा शेतकरी धानाच्या बांधीत जे खत फेकतो, तेच विरघळवून शास्त्रज्ञांनी बर्फाची रग जिरविली.

नायगाऱ्याचे काय झाले, ते येथेच सांगून टाकतो. धबधब्याच्या खाली हिवाळ्यात बर्फाचे तुकडे साचून दोन काठांमध्ये बर्फाचा पूल बने. लोक त्यावर फिरायला जात, खोपटी उभारून खाणेपिणे विकीत. एकूण आपल्याकडच्या जत्रेसारखा थाट असे. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी तो पूल अचानक सुटला. टोरांटोचे एक जोडपे त्यावर अडकले. क्लीव्हलंडहून आलेला एक सतरा वर्षांचा मुलगा काठ गाठू शकत होता. पण त्या दोघांच्या मदतीसाठी तो माघारी वळला. तिघेही गेले. त्या दिवसापासून बर्फावर पाऊल टाकण्यास बंदी झाली. पुढे २७ जानेवारी १९३८ रोजी ईरी सरोवरातून वाऱ्याने लोटलेल्या बर्फाच्या राशीने खालचा पोलादी पूल त्याच्या पायथ्यापासून उखडला आणि तो दरीत आडवा झाला. बर्फावर माणसांचा विश्वास होता तो असा दोनदा फसला.

४

नदीला निदान दोन काठ असतात. समुद्राला काय? तेथे बर्फ कोठून कोठे जातो हेच मुळी कोणाला ठाऊक नव्हते. त्या ज्ञानाची सुरुवात एका विजारीपासून झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१८७९ साली डी लाँग ह्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची ‘जॅनेट’ नावाची आगबोट उत्तर ध्रुवाच्या शोधार्थ निघाली. त्याच सप्टेंबरात ती बर्फात अडकली, आणि जवळजवळ दोन वर्षे बर्फ नेईल तिकडे जात राहिली. १८८१ च्या जून महिन्यात सैबेरियाच्या उत्तरेस बर्फाने तिला चिरडले. माणसे तीन होड्या ओढीत दक्षिणेकडे निघाली. एक होडी वादळात नाहीशी झाली. डी लाँग आणि त्याचे बहुतेक सोबती लीना नदीच्या त्रिभुज प्रदेशात उपासमारीने आणि थंडीने मेले. तेहतीस जणांपैकी वीस जण परतले नाहीत.

कथा येथे संपायची. पण १८८४ साली, म्हणजे तीन वर्षांनी, ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बर्फाच्या एका तुकड्यावर काही वस्तू सापडल्या. डी लाँगच्या सहीची शिध्याची यादी होती आणि जहाजावरच्या एका खलाशाचे नाव घातलेली मेणकापडाची विजार होती. सैबेरिया कोठे आणि ग्रीनलंड कोठे! मधे सारा ध्रुवसमुद्र पसरलेला. ती विजार स्वतःच्या पायांनी चालत आली नव्हती, बर्फावर बसून आली होती. म्हणजे त्या समुद्रातला बर्फ एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्याकडे जात असला पाहिजे, असे अनुमान नॉर्वेच्या मोन नावाच्या प्राध्यापकाने काढले. ते वाचून तेवीस वर्षांच्या फ्रित्योफ नान्सेनच्या मनात एक विलक्षण बेत उगवला. बर्फ जहाजाला अडकवतोच आहे, तर आपण होऊन का अडकू नये?

नान्सेनने ‘फ्राम’ नावाचे जहाज बांधविले. त्याचा तळ गोल, कुशीला कोठे कंगोरा नाही. तेल लावलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या मिठीतून निसटावा तसे ते बर्फाच्या चिमट्यातून वर उचलले जावे, अशी योजना. १८९३ च्या जूनमध्ये तेरा माणसे घेऊन ते निघाले, सप्टेंबरात हेतुपुरस्सर बर्फात शिरले, आणि १८९६ च्या ऑगस्टात ध्रुवसमुद्राच्या दुसऱ्या टोकाला सुखरूप बाहेर पडले.

ह्या तीन वर्षांत माणसांनी काय केले? मुख्यतः नोंदी केल्या. वारा कोठून, किती. आपण आज कोठे, काल कोठे होतो. ह्या कंटाळवाण्या वह्यांतून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण शेकडा दोन इतक्या वेगाने सरकतो. दुसरी अधिक चमत्कारिक: बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जातच नाही, तो वीस ते चाळीस अंश उजवीकडे वळून जातो.

हे का व्हावे? नान्सेनचा तर्क होता की पृथ्वीच्या फिरण्यामुळे. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर बसून समोरच्या गड्याकडे चेंडू फेकला तर तो वाट सोडून बाजूला जातो, तसे हे. हे गणिताने सिद्ध करण्याचे काम एकमान ह्या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याकडे आले, आणि १९०५ सालच्या त्याच्या निबंधाने समुद्रशास्त्राचा पायाच घातला. वाऱ्याने वरचे पाणी ढकलले की ते थोडे उजवीकडे वळते. ते आपल्या खालच्या थराला ओढते, तो आणखी उजवीकडे वळतो. असे गोल जिन्यासारखे थर फिरत खाली जातात. दक्षिण गोलार्धात सारे उलट, डावीकडे.

५

पण ‘फ्राम’ सुटले म्हणजे प्रत्येक जहाज सुटेलच असे नव्हे. दक्षिण ध्रुवाकडे निघालेले शॅकल्टनचे ‘एन्ड्यूरन्स’ १९१५ च्या जानेवारीत वेडेल समुद्रात अडकले, दहा महिने बर्फाबरोबर भरकटले, आणि २१ नोव्हेंबरला बुडाले. अठ्ठावीसही माणसे अखेर वाचली, ही साहसकथा पुष्कळांना माहीत आहे. पण मला तिच्यातला वर्स्ली नावाचा कप्तान अधिक मोलाचा वाटतो. जहाज गेले, अन्न संपत आले, पायांखालचा बर्फ दुभंगत होता. तरी ह्या माणसाने सूर्य दिसेल तेव्हा कोनमापक डोळ्याला लावला आणि जागा वहीत टिपून ठेवली. १०६ वर्षांनी, ५ मार्च २०२२ रोजी, त्या वहीच्या आधाराने शोध घेणाऱ्यांना ते जहाज ३,००८ मीटर खोल पाण्यात उभेच्या उभे सापडले. वर्स्लीने लिहिलेल्या जागेपासून ते सुमारे चार सागरी मैल दूर होते!

‘एन्ड्यूरन्स’ का चिरडले, हे मात्र नान्सेनच्या नियमाने सांगता येत नव्हते. तो नियम एकट्यादुकट्या तुकड्याचा. वारा, खालचे पाणी, पृथ्वीचे फिरणे आणि समुद्राच्या पृष्ठाचा उतार ही चार बळे जमेस धरली की मोकळ्या तुकड्याचा मार्ग काढता येतो. पण तुकडे दाटले की पाचवे बळ जागे होते, ते म्हणजे शेजाऱ्याचा धक्का. हे पाचवे बळ मोजण्यासाठी अमेरिकन आणि कॅनेडियन शास्त्रज्ञांनी १९७० ते १९७६ ह्या काळात मोठी मोहीम काढली. अलास्काच्या उत्तरेस बर्फावरच छावण्या टाकून ते राहिले. १९७५ च्या शरद ऋतूत मुख्य छावणीखालचा बर्फच दुभंगला आणि त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. पण काम थांबले नाही.

त्या अनुभवातून विल्यम हिबलर ह्याने १९७९ साली जे गणित मांडले, त्याच्यावरच आजवरची पुष्कळशी गणकयंत्रे चालतात. समुद्राचे सारीपाटासारखे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात बर्फ किती जाड आणि चौकोनाचा किती भाग त्याने व्यापला आहे, एवढे लिहायचे. मग पाचही बळांचा हिशेब करून पुढच्या घटकेला कोणत्या चौकोनातून किती बर्फ शेजारी जाईल ते काढायचे. आणि पुन्हा पहिल्यापासून. हिबलरच्या हिशेबात बर्फ ओढला तर सहज फाटतो आणि मधे पाण्याची वाट पडते. दाबला तर एका मर्यादेपर्यंत तटून उभा राहतो, आणि ती ओलांडली की चुरगळून त्याचे डोंगर उठतात.

ही मर्यादा गर्दीवर किती अवलंबून असते, ते पाहण्यासारखे आहे. चौकोन बर्फाने पूर्ण भरला असता जी ताकद असते, ती दहांपैकी एक भाग पाणी मोकळे असेल तर सुमारे एकसप्तमांश उरते, आणि दोन भाग मोकळे असतील तर पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी! दिवाळीच्या सुट्टीत गोंदियाच्या एस. टी. स्थानकावर ज्याने गाडी पकडली आहे त्याला हे गणित पटेल. फलाटावर थोडी जागा असेल तोवर प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो. शेवटची दहा-वीस माणसे आत आली की मग कोणीच स्वतःच्या इच्छेने हलत नाही. सारा जमाव एका अंगाने हलतो, किंवा हलतच नाही.

हा हिशेब गणकयंत्राला फार जड जात असे. १९९७ साली एलिझाबेथ हंकी आणि जॉन डुकोविच ह्या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्यात थोडा लवचिकपणा आणला. बर्फ किंचित रबरासारखा ताणतो आणि परत येतो असे मानले की आकडेमोड झपाट्याने होते, हे त्यांनी दाखविले. आज पृथ्वीच्या हवामानाचे भाकीत करणाऱ्या अनेक यंत्रणांत हीच रीत वापरली जाते.

६

ह्या साऱ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ नावाचे, नॉर्वेकडून भाड्याने घेतलेले जहाज एकवीस माणसे घेऊन निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम हे त्यांचे नेते. ९ जानेवारी १९८२ रोजी भारताचे पाऊल प्रथमच अंटार्क्टिकाच्या बर्फावर पडले. उष्ण कटिबंधातल्या देशाचे जहाज तरंगत्या बर्फाच्या मैदानातून वाट काढते आहे, ही गोष्ट त्या वेळी परीकथेसारखी वाटत होती.

तिसरी मोहीम १९८३ च्या डिसेंबरात ‘फिनपोलारिस’ जहाजावरून गेली. तिच्यात भारताच्या पहिल्या दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदितीबाईंचा जन्म १९४३ सालचा, नागपूरचा. विदर्भ म्हणजे समुद्र फक्त नकाशात पाहणाऱ्यांचा मुलूख. ॲलिस्टर हार्डी ह्यांचे समुद्रावरील पुस्तक हाती पडले आणि ह्या मुलीने समुद्राचाच ध्यास घेतला. पुणे, हवाई, लंडन असे शिक्षण करून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या, आणि तेथून थेट बर्फाच्या समुद्रात गेल्या. शाळेत नकाशा भिंतीवर लावला की मुलींना मी हे नाव आवर्जून सांगतो.

त्या तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले ठाणे उभारले. ते खडकावर नव्हते, समुद्रात पसरलेल्या बर्फाच्या छज्जावर होते. हळूहळू ते बर्फात गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे आणि २०१२ सालचे ‘भारती’ ही मग खडकावर बांधली. १९९८ मध्ये वास्कोला स्थापन झालेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था ह्या मोहिमांची व्यवस्था पाहते. ठाण्यावरच्या माणसांचा शिधा, इंधन आणि औषधे जहाजानेच जायची, तीही दक्षिणेकडच्या उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत. बर्फ कोणत्या बाजूने दाटेल आणि वाट कोठे फाटेल हा प्रश्न त्या माणसांना केवळ विद्येचा नसतो.

आजही हा धोका गेलेला नाही. २४ डिसेंबर २०१३ रोजी ‘अकादेमिक शोकाल्स्की’ नावाचे रशियन जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ, ऐन तिकडच्या उन्हाळ्यात अडकले. वाऱ्याने बर्फ लोटून त्याच्याभोवती आवळला होता. सोडवायला आलेले चिनी जहाजही अडकले. शेवटी ५२ माणसे हेलिकॉप्टरने उचलून आणावी लागली. आणि थोड्याच दिवसांत वारा फिरला तशी दोन्ही जहाजे आपोआप मोकळी झाली.

आपल्या हिमालयातला बर्फ निराळ्या जातीचा. तो तरंगत नाही, डोंगरावरून उतरतो. पण अडवण्याचा आणि फुटण्याचा त्याचा गुण तोच. १९२९ च्या ऑगस्टात काराकोरमच्या श्योक नदीला आडवी आलेली हिमनदी फुटली आणि मागे साचलेल्या सरोवराचा लोंढा सिंधूतून कोसोगणती खाली गेला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडात चमोलीजवळ खडक आणि बर्फ एकदम कोसळून दोनशेंहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. खडक आणि बर्फ मिळून कसे वाहतील ह्याचा हिशेब समुद्रावरच्या बर्फाहूनही अवघड आहे, आणि तो आपल्याच माणसांसाठी हवा आहे.

७

मधल्या काळात एक नवी गोष्ट घडू लागली आहे. ग्रीनलंड आणि एल्समिअर बेट ह्यांच्यामधल्या नेअर्स सामुद्रधुनीत बहुतेक हिवाळ्यांत बर्फाची कमान बसते, आणि तिच्या मागे ध्रुवसमुद्राचा जुना, जाड बर्फ उन्हाळ्यापर्यंत अडून राहतो. २००७ साली ती कमान बसलीच नाही, आणि जुना बर्फ सारा हिवाळा त्या वाटेने दक्षिणेकडे निसटत राहिला. म्हणजे कोंडी ही नेहमीच शत्रू असते असे नाही. बर्फ पातळ झाला की कमानीचे खांदेही दुबळे होतात, आणि जे अडून राहायला हवे तेही वाहून जाते. जाड बर्फावर बेतलेले जुने आडाखे पातळ बर्फाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत; म्हणून नव्या नोंदी, नवी मापे घेण्याचे काम चालूच ठेवावे लागते.

हे ज्याला उमगले त्याने कोंडीचाही उपयोग करून घेतला. १९६४ पासून ईरी सरोवराच्या तोंडाशी, जेथे १८४८ साली ते बूच बसले होते तेथेच, दर हिवाळ्यात तरंगत्या ओंडक्यांची अडीच किलोमीटरहून लांब साखळी पाण्यात सोडतात. पुढे ओंडक्यांच्या जागी पोलादी नळ्या आल्या. ती साखळी बर्फाला जबरदस्तीने थोपवीत नाही, तशी तिची ताकदही नाही. तिच्या आधाराने बर्फ सरोवराच्या तोंडाशी आपण होऊन कमान बांधतो, आणि नदीत तुकडे उतरण्याऐवजी सरोवरातच थांबतात. फार वादळ झाले तर साखळी पाण्याखाली दबते, बर्फ वरून जातो, आणि वारा पडला की ती पुन्हा वर येते. पाण्याची उष्णता चार अंशांवर उतरली की, किंवा १६ डिसेंबर उजाडला की, साखळी टाकण्यास सुरुवात होते. वसंतात सरोवराच्या पूर्वभागात किती चौरस मैल बर्फ उरला हे मोजून ती उचलतात. १८४८ साली जेथे लोक प्रार्थनेला जमले होते, तेथे आता दर वर्षी ही दोन मापे घेतली जातात, आणि वहीत लिहून ठेवली जातात.